काकांच्या पुढं चालायची गाडी

सांगू की नको, असं मी दोन वर्षं करतोय. आज तुम्ही सगळे निवांत बसलाय, चहाही जरा कडक झालाय, तर सांगूनच टाकतो. पण एक अट आहे. मध्येच हसायचं नाही! किस्सा मयतीचा आहे, आणि मयत अशा माणसाची, की त्याच्याबद्दल बोलताना मी आजही खुर्चीत जरा सरळ होऊन बसतो.

कारंज्याला माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान टाकलं तेव्हा पहिले आठ दिवस एक माणूस फिरकला नाही. नवव्या दिवशी कामरगावहून वसंतकाका आले. गुरांचे डॉक्टर. नात्यानं माझे कोणी नव्हेत, पण सगळं गाव त्यांना काकाच म्हणायचं, म्हणून मीही. त्यांनी आपली गाडी दुकानासमोर अशी आडवी लावली की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसलीच पाहिजे, आणि म्हणाले, "दिगू, काही बिघडलं नाही. फक्त दोन घंटे हिच्यापाशी बसून राय. लोकायले वाटू दे का तुले काम येते."

आणि खरंच, त्या दिवसापासून गिऱ्हाईक सुरू झालं. आता सांगा, असा माणूस कोण विसरेल?

गाडी म्हणजे काय गाडी होती! अस्सल विलायती. पाचशे सीसी, एकच सिलिंडर, काळी टाकी, त्यावर सोनेरी रेघ. काकांनी ती तरुणपणी कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरकडून घेतली होती. तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर, शेताच्या धुऱ्या-बांधावरून, नाल्यातून, चिखलातून. कुठं गाय अडली, कुठं बैलाच्या पायात खिळा गेला, की काका निघाले. आणि त्रेचाळीस वर्षांत ती गाडी एकदाही, पुन्हा सांगतो, एकदाही, रस्त्यात बंद पडली नाही.

याचं गुपित माहीत आहे? काका ती चालवायचेच मुळी बैलगाडीच्या वेगानं. एखादा घाईचा माणूस मागे बसला तर हैराण व्हायचा. मी एकदा विचारलं, "काका, पाचशे सीसीचं इंजिन हाय. पळवा न जरा!" तर म्हणाले, "मी गुरांचा डाक्टर हाय लेका. मी जोरात आलो तर जनावर बिथरते. बिथरलेल्या जनावराले इंजेक्शन तू देशीन काय?"

मला ते पटलं नाही. कधीच पटलं नाही. माझं गणित सरळ होतं. ज्यात ताकद आहे ते बंद पडत नाही. पैलवान कधी चालता चालता खाली बसलेला पाहिलाय? या गणितानंच माझा घात केला.

तर झालं असं. काका आजारी पडले. आजार साधा नव्हता, आणि तो साधा नाही हे त्यांना घरात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, सुनंदाताई, मानोऱ्याला शाळेत शिक्षिका, ती रजा काढून आली होती. काकांनी मला बोलावून घेतलं.

"दिगू, गाडी तू घेऊन जाय."

"काका, तुमी बरे व्हा, मंग पाहू."

"बरा-गिरा काही होत नाही मी. माह्यं एक काम कर. मले नेतीन त्या दिवशी ही गाडी माह्या पुढं चालव. मशानापर्यंत. बस. हिनं मले जलमभर नेलं, मंग शेवटच्या दिवशी हिनं कायले घरी राहावं? फक्त बंद पडू देऊ नोको."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "तुमच्या गळ्याची शपथ काका, बंद पडणार नाही!"

मरायला टेकलेल्या माणसाच्या गळ्याची शपथ घेणारा अख्ख्या वाशिम जिल्ह्यात मी पहिलाच असेन. सुनंदाताईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून बाहेरच गेलो.

गाडी दुकानात आणली. उघडली. काय होतं? काही नाही! टॅपेट जरा वाजत होते, रिंगा थोड्या झिजल्या होत्या, एक-दोन गॅस्केट. दोन दिवसांचं काम. कोणताही शहाणा माणूस ते करून गाडीवर चादर टाकून मोकळा झाला असता.

पण मी शपथ घेतली होती ना! माझ्या मनात एकच भीती बसली. काकांच्या मयतीत, सगळ्या गावासमोर, ही म्हातारी गाडी थांबली तर? काकांना दिलेला शब्द गेला, तर मग मी या जगात केलं काय? मला झोप लागेना. म्हणून मी ठरवलं, इंजिन इतकं ताकदवान करायचं, इतकं ताकदवान, की त्याला बंद पडायची हिंमतच झाली नाही पाहिजे.

मोबाइलवर एक विलायतेतला म्हातारा सापडला. आपल्या टिनाच्या शेडमध्ये बसून अशाच जुन्या गाड्या शर्यतीच्या करतो. त्याचं इंग्रजी मला चार आणे कळायचं, पण हात कळायचे. त्याचं पाहून मी पार्सलं मागवायला सुरुवात केली. जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन आला. शर्यतीचा कॅम आला. कार्बोरेटर आला तो असा की त्याच्या तोंडात अख्खं लिंबू मावलं असतं! पुढचं चाक फिरवणारं दातेरी चक्र, तेही मोठं बसवलं, म्हणजे गाडी एकाच गिअरमध्ये जास्त पळते. चूक झाली, पुढचं नाही, इंजिनाकडचं चक्र. पाहा, अजूनही सांगताना मी गडबडतो. काकांचे जुने पार्ट मी एका पोत्यात भरून माळ्यावर टाकले. भंगारात नाही घातले, एवढी अक्कल शिल्लक होती.

आणि गाडी तयार झाली. कामरगाव रोडवर काढली, मूठ पिळली, आणि अहो, काय सांगू! डोळ्यातून पाणी. एक एसटी मागे गेली, दुसरी मागे गेली, एक जीपवाला तर गाडी थांबवून माझ्या मागे पाहतच राहिला. मी आनंदानं ओरडत होतो. ही? ही बंद पडेल? शक्यच नाही!

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा आमचा एक मोबाइलवरचा ग्रुप आहे. त्यावर व्हिडिओ टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. फक्त अमरावतीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं लिहिलं, "वाढवलेली ताकद इंजिन आपल्या आयुष्यातून काढून देते. हळू चालवून पाहिली का?"

मी त्यालाही एक अंगठा टाकला. मनात म्हटलं, जळतो म्हातारा.

एक दिवस मोठ्या हौसेनं गाडी काकांच्या खिडकीखाली नेली आणि दोन-चार वेळा जोरात रेस केली. वाटलं, आवाज ऐकून त्यांना बरं वाटेल. आत काकांनी डोळे उघडले आणि सुनंदाताईला क्षीण आवाजात विचारलं, "टॅक्टर कोणाचा आला?"

तेव्हा मी हसलो. खरं सांगतो, हसलो. आता हसू येत नाही. त्रेचाळीस वर्षं ज्या आवाजावर तो माणूस बसला होता, तो आवाज मी त्याच्या हयातीतच बदलून टाकला होता.

चैत्रात काका गेले. सकाळी ताईचा फोन आला. "दिगू, बाबा गेले. गाडी घेऊन ये." एवढंच बोलली.

मी टाकी पुसली, हार घातला, कसलीही काळजी न करता निघालो. कारंजा ते कामरगाव गाडी बाणासारखी आली. काकांच्या दारात उभी केली. गावातली, तांड्यावरची, मिळून चारपाचशे माणसं. कोणाची गाय काकांनी वाचवलेली, कोणाचं वासरू. तुळशीराम आजा, गावातले सगळ्यात जाणते, ते सगळं सांगत होते. कोणी कुठं उभं राहायचं, काय कशानंतर. काकांना मुलगा नव्हता, म्हणून विस्तवाचं मडकं सुनंदाताईनं हातात घेतलं. त्यावर आजांनी कोणाला ब्र काढू दिला नाही.

रांग अशी लागली. सगळ्यात पुढं मी, गाडीवर. माझ्या मागे चार पावलांवर ताई, विस्तव घेऊन. तिच्या मागे तिरडी. मग टाळकरी, मग गाव.

किक मारली. गाडी गरजली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पंधरा सेकंदांत मी चौकात!

एकटाच!

मागे वळून पाहिलं तर मयत अजून दारातच. आजा दुरून हात हलवत होते, "अरे थांब न बापा! कुठी चालला?"

आणि तेव्हा, त्या चौकात, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही गाडी हळू चालतच नाही! मी ती हळू चालवून कधी पाहिलीच नव्हती! शर्यतीचा कॅम, मोठं चक्र, लिंबू मावेल असा कार्बोरेटर. या सगळ्यांना पळायचं होतं. त्यात इंजिन हवेवर थंड होणारं. हवा लागायला गाडी पळायला पाहिजे. आणि मयतीत कोण पळतं?

घाम फुटला. पण आता करतो काय? क्लच अर्धा दाबून, मूठ तोलून, पाय घासत घासत मी गाडी माणसांच्या चालीनं न्यायला लागलो. स्मशान गावापासून दीड किलोमीटर. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

बसस्टँडपाशी पहिली थांबली. फुस्स करून. पाहतो तर कार्बोरेटर भरून वाहतोय, टपटप टपटप पेट्रोल खाली. आणि चार पावलांवर ताई, हातात विस्तव!

"ताई, मागं सर! मागं सर!" मी असा ओरडलो की टाळ थांबले. तिरडी थांबली. लोकांना काही कळेना. मी गुडघ्यावर बसून प्लग काढायला लागलो. तुळशीराम आजा पुढं आले. त्यांनी वाकून त्या थेंबांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि जड आवाजात म्हणाले, "रडून राह्यली."

"आजा, थे पेट्रोल..."

"चूप राय. मुक्या जिवाले आपल्या आंधी समजते."

आता आपल्याकडं कसं आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पिंडाला कावळा शिवला नाही की मेलेल्याच्या मनात काही राहिलं असं समजतात, आणि मग एकेक जण पुढं होऊन शब्द देतो. आजांनी तेच गाडीला लावलं! त्यांनी तिरडी खाली ठेवायला लावली, काकांच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वसंता, तुही गाडी पुढं जाऊन नाही राह्यली. सुनंदाची काळजी हाय न तुले? तू बिनघोर जाय. सारं गाव हाय तिच्यामागं."

इकडं मी प्लग पुसून बसवला होता. किक मारली. फाडकन सुरू!

चारपाचशे माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला. "पाह्यलं?"

मी तोंड उघडणार होतो हो. खरंच. पण ताईच्या डोळ्यांतून पहिल्यांदा पाणी आलेलं दिसलं, आणि मी तोंड मिटलं. म्हटलं, जाऊ दे, पोचू एकदाचे. तिथंच चुकलो. खोटं न बोलताही माणूस खोट्यात कसा अडकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

शाळेच्या पुढं गेलो आणि गाडीनं फटका मारला. सायलेन्सरमधून असा बार निघाला की एका म्हाताऱ्यानं रस्त्यावरच कान धरून बसकण मारली. इंजिन पुन्हा बंद. पुन्हा तिरडी खाली.

"आता काका रागावले," कोणीतरी म्हणालं.

आजांना विचार करावाच लागला नाही. "साहेबराव! नामदेव! इकडं या."

हे दोघे सख्खे भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकांनी हयातीत दहादा समेट घडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. खांदासुद्धा दोघांनी दोन टोकांना दिला होता, तोंड दिसू नये म्हणून.

"वसंता तुमच्यासाठी किती येळा आला गेला, आठवते काय?" आजा म्हणाले. "जिता होता तवा आयकलं नाही. आता त्यानं रस्ता अडवला. कोण बोलते पयले?"

साहेबराव मान खाली घालून उभा. मग नामदेवच पुढं झाला. "दादा, माह्यं चुकलं." बस, एवढंच. आणि साहेबराव असा रडला, असा रडला, की खांदेकरी, टाळकरी, सगळे रडायला लागले. मीही रडत होतो. पण मी इंजिनाच्या टायमिंगसाठी रडत होतो! इंजिन इतकं तापलं होतं की हात लावता येत नव्हता, आणि त्यात ते जास्त कॉम्प्रेशन. किक मारली तर किकनंच मला उलटं मारलं. मी हवेत जाऊन टाकीवर पालथा पडलो. लोकांना वाटलं, दुःखानं गाडीला मिठी मारली. एका बाईनं पुढं येऊन माझ्या पाठीवर हात फिरवला. "रडू नोको बापू, सोन्यासारखा माणूस होता."

दुसऱ्या किकला सुरू झाली. "पाह्यलं?" आता तर कोणाच्या मनात शंकाच उरली नाही.

आणि मग विसावा आला. स्मशानाच्या अलीकडं निंबाखाली एक दगड आहे, तिथं तिरडी क्षणभर टेकवतात आणि खांदेकरी पुढचे मागे, मागचे पुढे होतात. मी म्हटलं, देवा, आता शेवटचा अर्धा किलोमीटर. देवानं ऐकलं असेल कदाचित, इंजिनानं नाही ऐकलं. आतून एक किंचाळी आली, मागचं चाक एकदम थांबलं, आणि सगळं शांत.

किकवर पाय ठेवला. किक खाली जाईना. उभा राहिलो तिच्यावर. जाईना. पिस्टन आत घट्ट अडकला होता. आता प्लग पुसून, फुंकर मारून, काही होणार नव्हतं. मेली होती गाडी.

लोकांनी काय करावं? रांगच लागली की हो! एकेक जण स्वतः होऊन तिरडीपाशी यायला लागला.

"काका, तुमची मोठी सुई माह्याघरी राह्यली. तुमी मांगितली, म्या नाही म्हनलं. उद्या ताईपाशी देतो."

सगळे माझ्याकडं पाहायचे. मी किकवर जोर द्यायचो. काही नाही.

"काका, म्या आजपासून बिडी सोडली."

काही नाही.

"काका, तुमच्या गाडीची हवा सोडत होता थो मीच होतो."

काही नाही! एका जणानं पुढच्या सालापासून बैलाला पराणी टोचणार नाही म्हणून सांगितलं. एकानं सासऱ्याशी बोलायचं कबूल केलं. गावाची सगळी पापं त्या निंबाखाली बाहेर पडत होती, आणि गाडी ढिम्म! ताईच्या हातातलं मडकं तापलं होतं. ऊन वर, विस्तव हातात. तिनं मडकं या हातातून त्या हातात घेतलं, आणि मला वाटलं, धरणीनं मला पोटात घ्यावं. काकांना दिलेला शब्द तर गेलाच होता, आता त्यांची लेक माझ्यापायी भाजत होती.

शेवटी रांग संपली. आजा हळूहळू वळले. सगळं गाव माझ्याकडं वळलं.

"दिगू," आजा म्हणाले, "सारे बोलले. आता तूच राह्यला. वसंताचं तुह्यापाशी काय अडकलं हाय?"

मी पाना खाली ठेवला. हात जोडले.

"आजा, काका अडले नाही. गाडी अडली. अन् थे म्या अडवली."

"मंजे? काय केलं तू तिले?"

"सुधरवली."

"सुधरवली मंजे? बिघडली होती काय?"

"नाही."

"मंग सुधरवली काहून?"

"बंद पडू नये म्हणून."

आजा माझ्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मंजे थे रडली नाही?"

"कार्बोरेटर भरून वाहात होता, आजा."

साहेबरावनं मान पुढं काढली. "अन् थो फटका?"

"तोही माह्याच कार्बोरेटरचा, भाऊ."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हे भाऊ पुन्हा फिरतात, बिडीवाला बिडी पेटवतो, आणि गाव मला इथंच, काकांच्या बाजूला जागा करून देतं. तेवढ्यात एक आवाज आला. कोणीतरी तोंड दाबून हसत होतं.

सुनंदाताई! हातात विस्तव, गालावर पाणी, आणि हसतेय. थांबवायचा प्रयत्न करतेय, थांबत नाही. "बाबा असते न," ती म्हणाली, "तं आता त्यायले हसून हसून ठसका लागला असता." आणि मग ती जी रडली, ती मन मोकळं करून रडली. सकाळपासून तिनं ते सगळं आवळून धरलं होतं.

नामदेवनं साहेबरावाच्या खांद्यावरचा हात काढला नव्हता. "कार्बोरेटर तं कार्बोरेटर," तो म्हणाला. "बोललो थे बोललो आता." साहेबरावानं नुसती मान हलवली आणि दोघं एकाच बाजूला खांदा द्यायला गेले.

ताईनं डोळे पुसले. "दिगू, गाडी ढकल. पण पुढंच ठेव. बाबा तसंच म्हणाले होते."

मी गिअर काढला, हँडल धरलं आणि ढकलायला लागलो. ना धूर, ना गर्जना. चाकाखाली फक्त मुरूम वाजत होता. मागून ताईची पावलं, त्यामागं तिरडी. त्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला गाडी बरोबर काकांच्या वेगानं चालली. मी सुधरवल्यापासून पहिल्यांदाच. माझी पाठ मोडत होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. पोचवलं मी काकांना. शब्द पाळला की मोडला, ते तुम्ही ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर माळ्यावरचं पोतं उतरवलं. जुना कॅम, जुना कार्बोरेटर, सगळं पुन्हा जिथल्या तिथं. पिस्टन तेवढा जुन्याच मापाचा नवा घातला. गाडी आता ताई चालवते, मानोऱ्याला शाळेत जाते. बैलगाडीच्या वेगानं. अजून एकदाही बंद पडली नाही. आणि माझ्या दुकानात आता कोणीही गाडी आणली, साधी पंक्चर असली तरी, पहिलं वाक्य एकच असतं. "दिगूभाऊ, दुरुस्त करा. सुधरवू नोका."

तेही मी सहन करतो. पण गेल्या आठवड्यात तुळशीराम आजा दुकानात आले. काठी टेकवून स्टुलावर बसले. चहा घेतला. मग म्हणाले, "दिगू, माह्यं आता वय झालं. माह्या मयतीले तू येजो. तू नाही आला तं मले बरं नाही वाटणार."

मी गहिवरलो. त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो.

आजांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पण येशीन तवा," ते म्हणाले, "पायी येजो."